तीन ‘बाळ गंगाधर’ आणि एक रिकामा रकाना

गेल्या डिसेंबरात गिरगावातल्या आमच्या वाचनालयात नववीतली एक मुलगी आली. ६ जानेवारीला, म्हणजे पत्रकार दिनाला, तिला शाळेत पाच मिनिटं बोलायचं होतं. तिनं संगणकावर लेखकाच्या रकान्यात ‘बाळ गंगाधर’ टाइप केलं, आलेली यादी वहीत उतरवून घेतली आणि थोड्या वेळानं वही उघडीच धरून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“ताई, टिळकांचा जन्म १८५६चा ना? मग त्यांनी १८३२ साली ‘दर्पण’ कसं काढलं?”

मी वही पाहिली. अक्षर सुरेख होतं. वर ‘लोकमान्य टिळक’ लिहून त्याखाली रेघ ओढली होती. पुढे लिहिलं होतं: ‘दर्पण, केसरी, मराठा. ज्ञानेश्वरी छापून काढली. गीतारहस्य. राजभाषा आयोगाचे अध्यक्ष.’ सगळं तिनं आमच्याच पडद्यावरून उतरवलं होतं. चूक तिची नव्हती, आमची होती. त्याआधीच्या सात महिन्यांत ज्यांनी ज्यांनी ही यादी पाहिली त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं. सूची तपासून सही करणाऱ्यांत मी होते, म्हणून हे सगळं कसं घडलं ते सविस्तर मांडते आहे. इतर वाचनालयांतही कार्डं संगणकावर चढवायचं काम सुरू आहे, आणि असा घोटाळा तिथेही कपाटांत बसलेला असणार.

कार्डांवर काय होतं

आमच्याकडे लाकडी खणांत कार्डं होती. बरीच जुन्या ग्रंथपालांच्या हातची, काळ्या शाईची, कडा बोटांनी तेलकट झालेल्या. या प्रकरणात तीन प्रकारची कार्डं गुंतली.

पहिलं सरळ होतं: ‘टिळक, बाळ गंगाधर’. खाली ‘गीतारहस्य’, ‘ओरायन’, ‘आर्क्टिक होम’. दुसरंही सरळ: ‘खेर, बाळ गंगाधर’, म्हणजे मुंबईचे एके काळचे मुख्यमंत्री. त्याखाली मुंबई सरकारच्या जुन्या पुस्तिका आणि राजभाषा आयोगाचा १९५६चा अहवाल. तिसऱ्या प्रकारच्या कार्डांवर फक्त ‘बाळ गंगाधर शास्त्री’ असं होतं. त्यांतलं एक ज्ञानेश्वरीचं. शिळाछाप पोथी, लाल बासनात बांधलेली, पहिली पानं गेलेली. कार्डावर ‘शके १७६७’.

हे शास्त्री म्हणजे ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर. पण ‘जांभेकर’ हे आडनाव त्या कार्डांवर कुठेच नव्हतं.

जुन्या ग्रंथपालांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते आता डोंबिवलीला मुलाकडे असतात. मी फोन करून विचारलं तर म्हणाले, “अहो, पुस्तकावर जे नाव छापलंय तेच कार्डावर लिहायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. पुस्तकावर शास्त्री होतं, मी शास्त्री लिहिलं. जांभेकर कुठून आणू?”

त्यांचं बरोबरच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी माणूस छापील नावात आडनाव लावेलच असं नसे. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि पुढे शास्त्री, पंत, राव, शेट यांपैकी काहीतरी, एवढ्यावर भागत असे. दादोबा पांडुरंग, भाऊ दाजी, जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट ही त्या काळातल्या मुंबईची मोठी माणसं. दादोबांचं तर्खडकर आणि नानांचं मुरकुटे हे आडनाव आजही कितीजणांना चटकन आठवतं? पुस्तकावरचं नाव जसंच्या तसं उतरवणारा ग्रंथपाल प्रामाणिक होता. त्या नावाला नंतर आडनाव जोडून देणारं एक ‘पाहा’ कार्ड कुणी केलं नाही, एवढंच राहून गेलं.

रिकामा रकाना पूल कसा झाला

कार्डं संगणकावर आली तेव्हा प्रत्येक नावाचे तीन रकाने केले: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. काम मनापासून करणारा एक स्वयंसेवक मुलगा होता, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा. त्यानं आधी मानवाचक शब्दांची यादी केली आणि ते सगळ्या नावांतून काढून टाकले: श्री, कै., डॉ., प्रा., लोकमान्य, आचार्य, शास्त्री. ‘शास्त्री’ पुसलं गेलं आणि त्या कार्डांवर फक्त ‘बाळ’ आणि ‘गंगाधर’ उरलं. आडनावाचा रकाना रिकामा.

मग एकच लेखक दोनदोनदा दिसू नये म्हणून नोंदी जुळवायच्या होत्या. एका कार्डावर ‘वि. का.’, दुसऱ्यावर पूर्ण नाव, असं शेकडो ठिकाणी होतं. बऱ्याच जुन्या कार्डांवर आडनाव नव्हतं, म्हणून त्यानं नियम असा केला: दोन्ही नोंदींत आडनाव असेल तर ते जुळलंच पाहिजे, एकीत रिकामं असेल तर नाव आणि वडिलांचं नाव जुळलं की माणूस एकच धरायचा.

नियम वाचला तर शहाणपणाचाच वाटतो. मलाही वाटला. टिळक आणि खेर यांची आडनावं वेगळी, म्हणून यंत्रानं त्यांना थेट कधीच एक केलं नसतं. पण मध्ये आडनाव नसलेले शास्त्री होते. टिळक आणि शास्त्री एक, कारण शास्त्रींचा रकाना रिकामा. शास्त्री आणि खेर एक, कारण तोच. मग टिळक आणि खेरही एक. आयुष्यभर एकमेकांपासून वेगळी असलेली दोन माणसं एका रिकाम्या चौकटीतून एकमेकांत शिरली. आणि सगळ्यांत जास्त पुस्तकं ज्या नावावर होती ते नाव वर आलं: टिळक.

हे शोधायला मला आणि त्या मुलाला दोन संध्याकाळी लागल्या. सापडलं तेव्हा तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “ताई, मी प्रत्येक जोडी तपासली होती. तिघांना एकत्र कधी पाहिलंच नाही.”

यात सालाचीही गंमत नव्हे, मोठीच अडचण झाली. ज्ञानेश्वरीच्या कार्डावरचं ‘शके १७६७’ टंकताना नुसतं ‘१७६७’ झालं होतं. तपासणाऱ्या एका सभासदाला वाटलं, टिळकांच्या पुस्तकाचं साल १७६७ असूच शकत नाही, छपाईची चूक दिसते. त्यांनी ते खोडून रकाना रिकामा ठेवला. खरं तर चुकीच्या लेखकावर बोट ठेवणारा तेवढा एकच पुरावा होता. शकात ७८ मिळवले असते तर १८४५ आलं असतं, टिळक जन्मायच्या ११ वर्षं आधीचं.

दुसऱ्या बाजूनं, जांभेकरांच्या लेखनाचे आणि चरित्राचे खंड १९५० साली निघाले. त्यावर छापलेलं साल पाहून खेरांशी ते बिनबोभाट जुळलं. पुस्तक कधी छापलं आणि लेखक कधी होऊन गेला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या तक्त्यात दुसऱ्या गोष्टीला जागाच नव्हती.

खोटा माणूस खरा का वाटला

मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते या प्रश्नानं. सात महिने ही नोंद लोकांसमोर होती. वाचनालयात येणारे गिरगावकर काही साधे वाचक नव्हेत. मग कुणाच्या डोळ्याला खटकलं कसं नाही?

कारण तिघांना एकत्र केल्यावर जो माणूस तयार होतो तो अगदी शक्य कोटीतला वाटतो. जुळणाऱ्या गोष्टी बघा.

तिघंही जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. जांभेकर देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे. आज ते सिंधुदुर्गात आहे, पण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली. टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले, खेर १८८८ साली रत्नागिरीतच. तिघांचीही कर्मभूमी मुंबईशी बांधलेली. तिघंही संस्कृतात मुरलेले, इंग्रजीवर पकड असलेले.

वर्तमानपत्र दोघांनी काढलं आणि दोघांनीही दोन भाषांचा विचार केला. ‘दर्पण’चं पान दोन रकान्यांत विभागलेलं असे, एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. टिळक-आगरकरांनी १८८१ साली दोन स्वतंत्र पत्रं काढली, ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत. जांभेकरांनी कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहिलं. टिळकांनी ‘ओरायन’मध्ये नक्षत्रांवरून वेदांचा काळ मोजला. खगोलाच्या कपाटात दोघं शेजारी बसले तर शंका येणार नाही. जांभेकरांनी ज्ञानेश्वरी छापून लोकांच्या हाती दिली, टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं आणि ते १९१५ साली प्रसिद्ध झालं. गीतेपाशी दोघंही भेटतात. टिळकांनी मुंबईतून कायद्याची पदवी घेतली होती, खेर मुंबईतले सॉलिसिटर. आणि राजकारण तर दोघांचंही.

संपादक, शास्त्री, खगोलाचा अभ्यासक, कायद्याचा पदवीधर, पुढारी. मराठी वाचकाला एवढं एका माणसात असलं तर नवल वाटत नाही. टिळकांबद्दल तर मुळीच नाही. त्यांच्या खात्यावर आपण आधीच इतकं मांडलेलं असतं की आणखी दोन गोष्टी चढल्या तरी ओझं जाणवत नाही. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते हेच: मोठ्या नावाकडे लहान नावाचं काम वाहत जातं, उलटं कधी होत नाही. आमच्या यादीत टिळकांचं काहीच हरवलं नव्हतं. हरवले होते जांभेकर, आणि त्यांच्या मागोमाग खेर.

जांभेकरांचं हरवणं मला फार लागलं. हा माणूस १८४६ साली गेला तेव्हा त्याचं वय पस्तिशीच्या आतच होतं. तेवढ्या आयुष्यात त्यानं एल्फिन्स्टन संस्थेत शिकवलं. गणित, भूगोल, इतिहास, व्याकरण यांची मराठी पाठ्यपुस्तकं केली, कारण शिकवायला पुस्तकंच नव्हती. ताम्रपट आणि शिलालेख वाचले. ‘दर्पण’नंतर १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं. दादाभाई नौरोजी त्याच्या हाताखाली शिकले. ज्याच्या नावानं आपण दरवर्षी ६ जानेवारी साजरा करतो त्याचं नाव गिरगावातल्या एका वाचनालयाच्या सूचीतून सात महिने बेपत्ता होतं, आणि ते वाचनालय आमचं होतं.

खेरांविषयीही दोन शब्द. १९३७ ते १९३९ ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते (प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला तेव्हा तेच म्हणत) आणि १९४६ ते १९५२ पुन्हा त्याच जागी, पुढे मुख्यमंत्री म्हणून. १९५५ साली नेमलेल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष. वांद्र्याची खेरवाडी त्यांच्या नावाची, मलबार हिलवरचा बी. जी. खेर मार्गही त्यांचाच. खेरवाडीच्या सिग्नलला रोज थांबणाऱ्या चार जणांना मी विचारलं. एकाला माहीत होतं.

एकाच नावाची दोन कारणं

एवढं नाव जुळतं तरी कसं, असं त्या मुलीनंही विचारलं. यात योगायोग कमी आणि रिवाज जास्त आहे.

टिळकांचं जन्मनाव केशव. ‘बाळ’ हे घरातलं हाकेचं नाव, तेच चिकटलं. कोकणातल्या घरात धाकट्या मुलाला बाळ म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? त्यापुढे गंगाधर हे वडिलांचं नाव त्या काळी घरोघर. दोन्ही शब्द इतके प्रचारातले की त्यांची जोडी दर पिढीत जमणारच.

दुसरं कारण नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची पद्धत. पेशवे घराण्यात बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. दुसरा बाजीराव हा पहिल्या बाजीरावाचा नातू. भोसल्यांकडे तर एका वेळी दोन नातवांना आजोबांचं नाव होतं. संभाजी महाराजांचा मुलगा शिवाजी आणि राजाराम-ताराबाईंचा मुलगाही शिवाजी. त्यांतल्या पहिल्याला आपण शाहू म्हणून ओळखतो, म्हणून गोंधळ होत नाही. आणि त्या साताऱ्याच्या शाहूंचं नाव घेतलं की निम्मी मुलं कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंविषयी बोलू लागतात. दोघांच्या जन्मात १९२ वर्षांचं अंतर आहे, १६८२ आणि १८७४. घरात एक बरं असे, कोणता बाळाजी ते सगळ्यांना ठाऊक असे. कार्डाला ते ठाऊक नसतं.

मुंबईत याची उलटी बाजूही आहे, ती सूची दुरुस्त करताना हाती लागली. ‘सर जमशेटजी जीजीभॉय’ नावाच्या नोंदी आमच्याकडे होत्या. त्यांतल्या काही १८७० नंतरच्या. जे. जे. रुग्णालयाचे दाते पहिले जमशेटजी तर १८५९ सालीच वारले. त्यांचे पुत्र खरशेटजी. पण बॅरोनेटचा वंशपरंपरेनं चालणारा इंग्रजी किताब ज्याच्याकडे जाईल त्यानं स्वतःचं नाव बाजूला ठेवून ‘सर जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव धारण करायचं, असं १८६० साली कायद्यानंच ठरवून दिलं. त्यामुळे बाप, मुलगा, नातू सगळे कागदोपत्री जमशेटजी. इथं आडनाव पूर्ण भरलेलं आहे, नाव हुबेहूब जुळतं, आणि माणसं तरीही वेगळी. आमच्या मुलाचा नियम कितीही कडक केला असता तरी इथं तो फसलाच असता.

आणि ग्रँट रोडचा नाना चौक. परवाच बसमध्ये एक आजोबा नातवाला सांगत होते, “हा नाना फडणवीसांच्या नावाचा बरं का.” मी न राहवून म्हटलं, “आजोबा, हे नाना शंकरशेट. मुंबईत पहिली आगगाडी धावली ती ज्यांच्या खटपटीनं, ते.” आजोबांनी नातवाकडे पाहिलं आणि म्हणाले, “ऐकलंस का? बाई काय सांगतायत ते लक्षात ठेव.” त्यांचा मोठेपणा.

दुरुस्ती

जोडलेलं सोडवणं हे जोडण्यापेक्षा फार किचकट निघालं. यंत्राला मागे फिरवता आलं नाही, कारण जोडल्यानंतर सात महिने लोकांनी त्याच नोंदीत नवी पुस्तकं भरली होती. शेवटी लाकडी खण पुन्हा उघडले आणि ‘बाळ गंगाधर’ची प्रत्येक नोंद मूळ कार्डाशी व पुस्तकाशी लावून पाहिली. कार्डं रद्दीत द्यायचा ठराव मागच्या सभेत आला होता. तो पुढे ढकलला गेला होता हे आमचं नशीब.

लेखकाच्या नावापुढे जन्म-मृत्यूची सालं आली: टिळक (१८५६–१९२०), खेर (१८८८–१९५७), जांभेकर (१८१२–१८४६). ही ग्रंथपालनातली जुनीच रीत आहे, आम्ही आळसानं सोडली होती. एवढ्यानंच तिघं सुटे झाले. पुसलेलं ‘शास्त्री’ परत आणलं, कारण ते काहींच्या बाबतीत उपाधी असतं आणि काहींच्या बाबतीत आडनाव. ते ठरवायचं काम माणसाचं आहे. ‘शास्त्री, बाळ गंगाधर’ या नावानं शोधणाऱ्याला जांभेकरांकडे नेणारी ‘पाहा’ नोंद केली, ‘बाळशास्त्री’साठी वेगळी. शकाला स्वतंत्र रकाना दिला. आणि रिकाम्या आडनावाची नोंद यापुढे आपोआप कुणाशीही जुळणार नाही, ती माणसाच्या नजरेखालून जाईल, असं ठरलं. यामुळे एकच लेखक दोनदा दिसण्याचे प्रकार वाढतील, हे त्या मुलानं सभेत स्पष्ट सांगितलं. ते मला मान्य आहे. एक माणूस दोनदा दिसला तर वाचक दोन्हीकडे बघतो. दोन माणसं एक झाली तर एकाकडे कुणीच बघत नाही.

सहा पुस्तकं मात्र अजून कुणाच्याच नावावर नाहीत. शीर्षकपान फाटलेलं, दाखल नोंदवहीत नुसतं ‘बा. गं.’, साल नाही. समितीतल्या एकांचं म्हणणं होतं की विषय पाहून अंदाजानं वाटून टाकावीत. मी विरोध केला. अंदाजानंच तर इथवर आलो होतो. त्या सहांवर ‘कर्ता अनिश्चित’ असं लिहून ती एका खणात ठेवली आहेत. अण्णा दिवाळीत येणार आहेत, त्यांना कागद आणि छपाई पाहून बरंच ओळखता येतं.

मुलीचं भाषण झालं. आदल्या दिवशी ती पुन्हा आली होती. तिला ती पोथी बघायची होती. मी बासन सोडलं, पानं तिच्यासमोर ठेवली. तिनं हात लावला नाही, खाली वाकून एक ओवी ओठांतल्या ओठांत वाचली. मग वहीतलं ते जुनं पान उघडलं. तिनं ते फाडलं नव्हतं. ‘लोकमान्य टिळक’ या नावाखालच्या रेघेवर तिनं तीन बाण काढले होते आणि प्रत्येक बाणाच्या टोकाशी दोन-दोन सालं लिहिली होती.

“ताई,” ती म्हणाली, “जांभेकर गेले १८४६ला आणि टिळक जन्मले १८५६ला. मधली १० वर्षं यांतलं कुणीच नव्हतं.”